सिग्नलला बंद पडणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी: दोष इंजिनात की गिअरबॉक्समध्ये, हे कसं ओळखायचं

सिग्नल लाल होतो. गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये, तुमचा पाय ब्रेकवर. स्टिअरिंग थरथरायला लागतं, आरपीएमचा काटा साडेसातशेवरून पाचशेवर घसरतो आणि इंजिन बंद पडतं. मागून हॉर्न सुरू. घाईघाईत चावी फिरवता तर स्टार्टरचा आवाजसुद्धा येत नाही, कारण लिव्हर अजून डी मध्येच आहे आणि ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये असल्याशिवाय सुरू होत नाही.

माझ्या २००९ च्या चार गिअरच्या हॅचबॅकला हे पुण्यात कर्वे रस्त्यावर रोज व्हायला लागलं. पहिल्याच गॅरेजमध्ये निदान मिळालं, "गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल." सांगितलेला खर्च ऐकून मी गाडी विकायला निघालो होतो. शेवटी दोष निघाला ब्रेक बूस्टरकडे (इंजिनाच्या व्हॅक्यूमनं ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या एका रबरी पाइपात. उष्णतेनं कडक होऊन तो सांध्याजवळ चिरला होता. काही शे रुपयांचा पाइप बदलला, गाडी शांत झाली. या लेखातला क्रम मी त्यानंतर शिकलो. जुनी ऑटोमॅटिक पहिल्यांदाच हातात आलेल्या कुणालाही तो जमेल, आणि यातल्या निम्म्या तपासण्यांना पानासुद्धा लागत नाही.

आधी जीव सांभाळा

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर लिव्हर सरळ एन मध्ये ढकला आणि तिथंच चावी फिरवा. गाडी चालत असताना पी मध्ये कधीही टाकू नका, आतला खटका तुटू शकतो. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन वेळा दाबण्याइतकाच व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून पेडल पंप करू नका. एकदाच घट्ट दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. दोष सापडेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका.

घरी तपासणी करताना गाडी सपाट जागी, उघड्यावर लावा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं की विषारी वायू साचतो. हँडब्रेक ओढा, चाकांपुढे-मागे विटा लावा. डी किंवा आर (रिव्हर्स) मध्ये तपासणी सुरू असेल तेव्हा एक माणूस सीटवर ब्रेक दाबून बसलेला हवा आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं राहू नये. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबून करायची 'स्टॉल टेस्ट' नवख्यानं करूच नये. काही सेकंदांतच गिअरबॉक्सचं ऑइल जळण्याइतकं तापतं.

वहीत लिहा: नेमकं केव्हा?

बॉनेट उघडण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. थंड इंजिनावर होतं की तापल्यावर? एसी लावल्यावर? फक्त डी मध्ये, की पी मध्येही? थांबताना, की थांबून अर्धा मिनिट झाल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर? पावसात?

या उत्तरांतूनच अर्धं निदान होतं. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी उशिरा सुरू होत असेल आणि पंपातून निघताना मरत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याची शक्यता मोठी. तापल्यावर अचानक बंद, अर्ध्या तासानं थंड झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू, हे क्रँक सेन्सरचं (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरचं) नेहमीचं लक्षण. अशा वेळी स्टार्टर फिरवताना आरपीएमचा काटा शून्यावरून जरासुद्धा हलला नाही, तर संशय आणखी पक्का. पहिल्या पावसात मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटून इंजिन अडखळणं) सुरू झालं तर कॉइल आणि प्लगच्या वायरींकडे बघा.

एन आणि डी ची परीक्षा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. इंजिन पूर्ण तापू द्या, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद. आता एन मध्ये काटा बघा. जुन्या पेट्रोल गाड्यांत तो साधारण ६५० ते ८५० च्या दरम्यान स्थिर असतो. आता ब्रेक दाबून डी मध्ये टाका. काटा पन्नास-शंभरने उतरून पुन्हा स्थिरावला तर ते ठीक आहे.

एन मध्येही काटा खाली-वर होत असेल, सायलेन्सरचा आवाज अडखळत असेल, तर गिअरबॉक्सचा विषय तूर्त बाजूला ठेवा. दोष इंजिनाचा आहे: हवा, ठिणगी किंवा पेट्रोल.

काटा दोन्हीकडे स्थिर आहे, पण डी मध्ये टाकलं की सीट, डॅशबोर्ड, आरसा सगळं थरथरतं? मग इंजिन नीट चाललंय, ते ज्या रबरावर बसलंय ते फाउंडेशन गेलंय. आर मध्ये आणि डी मध्ये थरथर वेगवेगळी असेल तर खात्रीच धरा. मॅन्युअल गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असते. ऑटोमॅटिकचं इंजिन मात्र डी मध्ये सतत ओढ सोसत असतं, म्हणून फाउंडेशन बसल्याचं इथं लवकर जाणवतं. हा दोष गाडी बंद पाडत नाही, नुसता त्रास देतो. तरी लोक त्यासाठी प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलत बसतात.

एन मध्ये सगळं छान, डी मध्ये मात्र काटा कोसळतो, असं असेल तर बहुतेक मेकॅनिक गिअरबॉक्सकडे बोट दाखवतात. पण डी मध्ये थांबताना आणखी एक गोष्ट नेहमी होत असते, तुमचा पाय ब्रेकवर असतो. म्हणून ही दुसरी छोटी परीक्षा करा. एन मध्ये, हँडब्रेक ओढलेला, पाय पेडलवरून काढा आणि आयडल, म्हणजे रेस न देता चालणारं इंजिन, ऐका. मग ब्रेक घट्ट दाबून धरा. दाबल्यावर इंजिन अडखळलं किंवा पेडलजवळून 'स्सस्स' ऐकू आलं, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप हवा गळतोय. माझ्या गाडीत हेच होतं, आणि ही परीक्षा वीस सेकंदांची आहे. बूस्टरचा दोष आयडलपुरता राहत नाही, ब्रेकही कमजोर करतो, त्यामुळे तो सापडला तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

तिसरी शक्यता बॉनेटखाली. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारा जाड रबरी पाइप वळणाच्या खाचांमध्ये चिरतो. डी मध्ये टाकलं की इंजिन एका बाजूला झुकतं आणि चीर उघडते. आर मध्ये उलट झुकतं आणि मिटते. म्हणून "रिव्हर्सला ठीक, पुढे टाकली की मरते" असं असेल तर हा पाइप काढून हातानं वाकवून बघा. नुसतं वरून बघून चीर दिसत नाही.

चोरटी हवा शोधणं

इंजिनात किती हवा गेली याचा हिशोब सेन्सर ठेवतो आणि त्यावर पेट्रोल ठरतं. मधल्या कुठल्या तरी फटीतून मोजमापाबाहेरची हवा घुसली की हिशोब चुकतो. वेगात असताना ती हवा एकूण हवेच्या मानानं नगण्य असते, म्हणून गाडी रस्त्यावर छान पळते. आयडलला मात्र इंजिन इतकी कमी हवा घेतं की तीच फट जड पडते.

आधी साध्या गोष्टी. ऑइलची डिपस्टिक पूर्ण बसली आहे ना? ऑइल भरायचं झाकण घट्ट आहे ना? नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टरच्या पाइपाची क्लिप आवळायची राहिलेली असते, हे मी दोनदा पाहिलंय. मग बोटाएवढे आणि पेन्सिलीएवढे सगळे पाइप टोकापर्यंत चाचपा. टोकं कडक, चकाकणारी, बारीक भेगांची असतील तर बदला. पार्किंगमध्ये उंदरांचा वावर असेल तर वायरी आणि पाइप कुरतडलेले नाहीत ना, तेही बघा.

कान लावायचा असेल तर हातभर लांबीचा जुना रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं टोक सांध्यांजवळून फिरवा. गळती असलेल्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात, ओढणी, बाही लांब ठेवा. बरेच जण सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून आयडल बदलतं का बघतात. ते ज्वलनशील असतं आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून नवख्यानं हे करू नये. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र असेल तर त्याचे पैसे वसूल होतात.

आयडलला असताना ऑइलचं झाकण हळूच उचलून बघा. ते जोरानं आत ओढलं गेलं आणि शिट्टीसारखा आवाज थांबला किंवा बदलला, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ पुन्हा जळायला आत सोडणारा) किंवा त्याचा पडदा फाटलाय.

थ्रॉटल बॉडी: स्वस्त, आणि बहुतेकदा दोषी

थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला वर्षानुवर्षं काळा चिकट थर साचतो. आयडलला पाकळी जवळजवळ बंद असते आणि हवा त्या केसाएवढ्या फटीतूनच जाते. थर वाढला की फट बुजते. एसीचा कॉम्प्रेसर लागला किंवा डी मध्ये टाकलं की इंजिनाला जराशी जास्त हवा लागते, ती मिळत नाही आणि ते मरतं. केबलच्या जुन्या थ्रॉटलमध्ये आयडल सांभाळायला वेगळा आयएसी व्हॉल्व्ह असतो, तोही याच काजळीनं अडकतो.

थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड घेऊन पाकळीची कड आणि आतली भिंत पुसा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल, म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल तिथवर येत नसेल, तर इग्निशन चालू असताना पाकळीला बोट लावू नका. मोटर अचानक फिरते, बोट सापडतं आणि आतले गिअरही तुटतात. आत थेट धो-धो फवारू नका, कापडावर घेऊन पुसा.

साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर आयडल एकदोन दिवस विचित्र वाटू शकतं. संगणक आधीच्या काजळीला सरावलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो नव्यानं शिकतो: इंजिन तापवून, सगळं बंद ठेवून पी मध्ये दहा मिनिटं चालू ठेवायचं, मग एसी लावून काही मिनिटं, मग ब्रेक दाबून डी मध्ये काही मिनिटं. काही गाड्यांना हे स्कॅनरनंच (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणानं) शिकवावं लागतं, त्यासाठी गाडीचं पुस्तक बघा. साफसफाईनंतर काटा हजाराच्या वर गेला म्हणून कुणी पाकळीचा स्टॉप स्क्रू फिरवायला लागलं तर थांबवा. तो कारखान्यात बसवलेला असतो.

ठिणगी

प्लग काढून कागदावर ओळीनं मांडा, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते लिहा. हलका तपकिरी-करडा रंग चांगला. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, पांढराफटक म्हणजे हवा जास्त. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं रबर गेलंय, नवे प्लग टाकूनही मिसिंग परत येईल. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन असे आठ प्लग असतात. बाहेरचे चार सोपे म्हणून तेवढेच बदलून पाठवलं जातं. आठही बदलून घ्या.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर एक सुंदर युक्ती आहे. स्कॅनरवर पी०३०१ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग आहे. इंजिन बंद करा, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, ती एकच बदला. पी०३०१ च राहिला तर त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. वायरींच्या जुन्या गाडीत रात्रीच्या अंधारात, इंजिन चालू असताना, वायरींवर बाटलीनं पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर वायरी संपल्या. हात मात्र लावू नका.

पेट्रोल

इग्निशन चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल किंवा घरघरत असेल तर मेकॅनिककडून पेट्रोलचं प्रेशर मोजून घ्या. हे घरी करू नका. पेट्रोलच्या पाइपात इंजिन बंद असतानाही दाब असतो.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनोन्महिने उभी राहिलेली, अर्धी टाकी असलेली गाडी पावसाळ्यानंतर नीट चालत नसेल तर जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा तपासून घ्या. इथली गळती फक्त आयडलपुरती नाही, ती आग लावते.

गाडीला सीएनजी किट असेल तर ती पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी तपासा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर किटचं ट्यूनिंग किंवा प्लग. दोन्हीवर असेल आणि टॅपेट हातानं सेट करायचे इंजिन असेल, तर व्हॉल्व्हचा गॅप मोजून घ्या. गॅसवर खूप चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंडपणी बरी, तापली की अडखळते, असं त्याचं वागणं असतं.

स्कॅनर आणि पीयूसीची चिठ्ठी

२०१० नंतरच्या बीएस-४ गाड्यांत ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) स्टिअरिंगखाली मिळतं, आधीच्या काही गाड्यांतही असतं. हजाराच्या आत मिळणारं ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरचं अॅप नवख्याला पुरतं. कोड हा निकाल नसतो, दिशा असते. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. त्यावरून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलू नका.

त्याऐवजी 'फ्युएल ट्रिम' बघा. संगणक ठरल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते हा आकडा सांगतो. त्याचे शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (दीर्घकाळचा) असे दोन आकडे असतात; त्यांची बेरीज दहाच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलला अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर हवेची गळती. आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवामापक सेन्सर मळलाय. उणे वीस असेल तर पेट्रोल जास्त जातंय: गळका इंजेक्टर, उघडा पर्ज व्हॉल्व्ह.

स्कॅनर नसेल तर पीयूसीची चिठ्ठी वाचा. पेट्रोल गाडीची ती चाचणी आयडललाही होते. बीएस-४ गाडीसाठी आयडलची मर्यादा आहे सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. हायड्रोकार्बन खूप, सीओ मात्र कमी, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, ठिणगीकडे किंवा हवेच्या गळतीकडे बघा. दोन्ही जास्त असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मागच्या दोनतीन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर बिघाड केव्हा सुरू झाला तेही कळतं.

आणि आता, गिअरबॉक्स

इथवर काही सापडलं नाही तरच इकडे या. आधी आपल्याकडे कोणती ऑटोमॅटिक आहे ते ओळखा. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आलेली एएमटी म्हणजे आत मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच. तिचे दोष वेगळे. २००३ ते २००८ च्या होंडा सिटी सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) टॉर्क कन्व्हर्टरच नाही, ऑइलमध्ये बुडालेला स्टार्ट क्लच आहे. चुकीचं किंवा जुनं ऑइल असेल तर निघताना ती हादरे देते आणि लोक त्याला मिसिंग समजतात. बाकी बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो.

टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे देतो, म्हणूनच गाडी थांबली तरी इंजिन चालू राहू शकतं. वेग वाढल्यावर पेट्रोल वाचावं म्हणून आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, आणि वेग उतरताना सोडतो. त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) अडकला तर क्लच सोडत नाही. मग गाडी थांबताना इंजिनही ओढून थांबवलं जातं, मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवावी तसं. म्हणजे थरथरत, हिसका देऊन बंद. बहुतेकदा हे तापल्यावरच होतं.

मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं चालवून परीक्षा घ्या. थांबायच्या जरा आधी, वेग पंधरा-वीसवर आला की एन मध्ये टाका. असं केल्यावर कधीच बंद पडत नाही, आणि डी मध्ये ठेवून थांबलं की हिसका देऊन पडते, तर लॉकअपचा संशय घ्या. स्कॅनरवर पी०७४० किंवा पी०७४२ दिसू शकतो. पण ऐका, सोलेनॉइड बऱ्याच गाड्यांत चेंबर (गिअरबॉक्सच्या खालचं ऑइलचं भांडं) उतरवून बदलता येतो. पूर्ण गिअरबॉक्स खोलायला होकार देण्याआधी त्याचा कनेक्टर काढून गाडी चालवून बघायला सांगा.

गिअरबॉक्सचं ऑइलही बघा. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत तापलेलं इंजिन चालू ठेवून पी किंवा एन मध्ये पातळी बघतात, होंडात इंजिन बंद करून मिनिटभरात. लाल-गुलाबी ऑइल चांगलं. काळं आणि जळका वास म्हणजे क्लचच्या प्लेटा झिजताहेत. भरायचं ऑइल गाडीच्या पुस्तकातल्या नावाचंच हवं. सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) गेलं तर गिअरबॉक्सच जातो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"गाडी मिसिंग मारते" इतकंच सांगून चावी देऊ नका. तुमची वही दाखवा: "तापल्यावर, एसी लावल्यावर, डी मध्ये. एन मध्ये साडेसातशे, डी मध्ये पाचशे. ब्रेक दाबून फरक नाही. ट्रिम अधिक अठरा." चांगला मेकॅनिक अशा ग्राहकाला खुर्ची देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, काढलेला पार्ट परत मागून घ्या, आणि पार्ट बदलून फरक पडला नाही तर जुना चांगला पार्ट परत बसवता येईल का, ते आधीच ठरवा.

गाडी परत मिळाली की लगेच पैसे चुकते करून घरी जाऊ नका. दुपारच्या उन्हात, एसी लावून, दिवे लावून, मेकॅनिकला शेजारी बसवून अर्धा तास गर्दीतून चालवा. निदान पाच सिग्नलला डी मध्येच, ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण थांबा आणि काटा बघत राहा.